लग्नानंतरचं हैदराबाद

दिग्दर्शक नागेश कुकुनूर यांनी 1998 साली पडद्यावर वरुण आणि अश्विनीचं जमवून दिलं आणि सहा वर्षांनी ते त्याच दोघांच्या घरी पुन्हा गेले. दार उघडलं तेव्हा आत भांडण चालू होतं.

असं परत जाणं सोपं नसतं. ज्या जोडीवर लोकांनी जीव लावला, जिचं भलं झालं म्हणून लोक समाधानानं थिएटरबाहेर पडले, तिचा संसार नीट चाललेला नाही हे त्याच लोकांना पुन्हा बोलावून सांगायचं, यात धंद्याचा शहाणपणा नव्हता. 'हैदराबाद ब्लूज' या त्या पहिल्या सिनेमावर लोकांनी भरभरून प्रेम केलं. 2004 साली आलेला 'हैदराबाद ब्लूज 2' मात्र आला आणि गेला. आजही कुणाशी बोलायला लागलं की लोक पहिल्याची आठवण काढतात, दुसऱ्याचं नाव निघालं की 'हां, तोही होता' म्हणतात. मला तो दुसराच जास्त जवळचा वाटतो. का ते नीट सांगावं म्हणून हे लिहिते आहे.

नागेश नारायणगुड्याचे. दीपक, शांती या टॉकीजांच्या त्या भागात तेलुगू, हिंदी, इंग्रजी असे तिन्ही भाषांतले सिनेमे बघत वाढलेला हा मुलगा उस्मानिया विद्यापीठातून केमिकल इंजिनिअर झाला, अमेरिकेत जॉर्जिया टेकला पुढचं शिकला आणि अटलांटात पर्यावरणाच्या क्षेत्रात नोकरीला लागला. त्या काळच्या हैदराबादी मध्यमवर्गाच्या हिशेबानं त्याचं सगळं मार्गी लागलं होतं. पण त्यानं तिथे सिनेमाच्या कार्यशाळा केल्या, साठवलेले पैसे घेतले आणि आपल्या गावात येऊन 17 लाख रुपयांत, 17 दिवसांत एक सिनेमा केला. मोठा नट नाही, परदेशातली गाणी नाहीत, नायकाचं कामही स्वतःच केलं. बोलणं इंग्रजी, तेलुगू आणि हिंदी असं मिसळलेलं. इथली शिकलेली माणसं एका वाक्यात तीनदा भाषा बदलतात, तसं. श्याम बेनेगल हेही याच शहरात वाढलेले. 1974 च्या 'अंकुर'साठी तेही मुंबई सोडून हैदराबादजवळच्या येल्लारेड्डीगुड्याला आले होते. आपली पहिली गोष्ट आपल्या मातीत येऊन सांगावी, असं या गावातून बाहेर गेलेल्यांना वाटत असावं.

नारायणगुडा आमच्या काचीगुड्यापासून पायी जाण्यासारखा. मध्ये बरकतपुरा. या पट्ट्यात मराठी घरं पूर्वीपासून. मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद संस्थानाचा, पुढे हैदराबाद राज्याचा भाग होता, त्यामुळे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेडकडची माणसं शिकायला, वकिलीला, नोकरीला राजधानीत येत आणि राहून जात. जांबागेतली विवेकवर्धिनी आणि इसामिया बाजारातलं मराठी ग्रंथसंग्रहालय त्यांनी उभं केलं. नारायणगुड्यातली केशव मेमोरियल शाळा तर इथले मराठी पुढारी केशवराव कोरटकर यांच्याच स्मरणार्थ आहे. म्हणून पहिला 'हैदराबाद ब्लूज' आला तेव्हा आमच्या घरात त्याचं अप्रूप दुहेरी होतं. एक, पडद्यावर आपलं गाव आपल्याच बोलण्यात दिसत होतं. दुसरं, श्रेयनामावलीत विक्रम इनामदार हे नाव वाचून माझ्या वडिलांनी शेजारच्या खुर्चीवरच्या काकांना कोपर मारलं होतं. ते कुठले इनामदार यावर दोघं पुढे बरेच दिवस चर्चा करत होते.

बारा वर्षांनी अमेरिकेतून सुट्टीवर आलेला वरुण, त्याच्यामागे लग्नाचा लकडा लावणारे आईवडील, मित्राचं रीतसर बघून-दाखवून होणारं लग्न, आणि या सगळ्याला हसणाऱ्या वरुणचं डॉक्टर असलेल्या अश्विनीवर जडलेलं मन. थिएटरात आम्ही जोरजोरात हसलो, कारण पडद्यावरची प्रत्येक मावशी आम्हाला घरातून माहीत होती. वडीलधारी माणसंही हसली. तेव्हा आमच्या घरात लग्न हा विषय हसण्याचा होता. लग्न जमवणं, मोडणं, पत्रिका, मुलीचा नकार, मुलाची उंची, या सगळ्यावर गप्पांना ऊत येत असे. मात्र लग्न होऊन गेल्यावर काय होतं यावर कुणी बोलत नसे. ते ज्याचं त्यानं बघायचं.

त्या सहा वर्षांत शहर फार बदललं. ज्या वर्षी पहिला सिनेमा आला त्याच वर्षी माधापूरला आयटी कंपन्यांच्या सायबर टॉवर्सचं उद्घाटन झालं होतं. दुसरा येईपर्यंत त्या बाजूला नवं गावच वसलं. रात्री कामावर जाणारी आणि सकाळी झोपणारी मुलं घराघरात दिसू लागली, जेवायच्या वेळा मोडल्या, पगार वाढले, घरं लांब गेली. कुकुनूर यांनी वरुणला नेमकं याच कामात आणून बसवलं. तो आता हैदराबादला परतला आहे आणि कॉल सेंटर चालवतो. अश्विनीला मूल हवं आहे. वरुणची तयारी नाही. ऑफिसात मेनका नावाची एक देखणी बाई आहे, आणि तिचं नावच तिचं काम काय ते सांगून टाकतं. मग संशय, मग चोरी पकडली जाणं, मग घर सोडणं, मग घटस्फोटाची भाषा. वरुण पुन्हा कुकुनूरच. अश्विनी मात्र बदलली: पहिल्यात राजश्री नायर होत्या, दुसऱ्यात ज्योती डोग्रा. याची पुष्कळांना हळहळ वाटली होती. मला उलट तो बदल भिडला. सहा वर्षांत बायकोचा चेहरा वेगळा झालेला असतो, आणि नवऱ्याच्या ते ध्यानात आलेलं नसतं. ज्योती डोग्रांच्या बसण्या-उठण्यात जी एक दमलेली धार आहे, ती मला फार खरी वाटली.

शेवट मी सांगत नाही. सिनेमा पाहणाऱ्यानं तो स्वतः पाहावा. पण मधल्या एका गोष्टीबद्दल सांगितलंच पाहिजे. या सिनेमात लोक हसवतात. संजीव आणि सीमा हे मित्र-जोडपं, विक्रम इनामदार आणि एलाहे हिपतूला, पहिल्यासारखंच दुसऱ्यातही आहे, आणि त्यांच्या बोलण्यातला खट्याळपणा मुख्य जोडप्याचं घर मोडायला आलं असतानाही थांबत नाही. हे अनेकांना खटकलं. इतका गंभीर विषय आणि हा हसण्याचा सूर? मला त्या आक्षेपाशी जन्मभर भांडायची तयारी आहे. घटस्फोटाची गोष्ट नुसती करुण करून सांगितली की तिच्यात दोघंच उरतात, आणि त्यांतलं एक वाईट ठरवावं लागतं. हसू येऊ दिलं की बाकीचं सगळं घर आत येतं.

हे मी थिएटरात शिकले नाही. माझ्या मामाच्या घरात पाहिलं.

माझी मामेबहीण साधारण त्याच सुमाराला नवऱ्यापासून वेगळी झाली. कुणी कुणाला मारलं नव्हतं, कुणी व्यसनी नव्हतं, कुणाचं बाहेर काही नव्हतं. दोघंही सरळ माणसं. आठेक वर्षं त्यांनी एकमेकांना बऱ्याच समजुतीनं दुःख दिलं आणि मग थांबवलं. त्यांना एक मुलगी होती, पहिलीत जाणारी. मामीला हे कारणच पटत नव्हतं. ती म्हणायची, "काहीतरी असेलच ना गं. उगीच कुणी उठून जातं का?" मामीची अपेक्षा होती की जावयात काहीतरी दोष निघावा, म्हणजे सोसायला बरं. दोष निघेना. जावई पूर्वीसारखेच वाकून नमस्कार करायचे आणि मामी पूर्वीसारखाच "सुखी राहा" असा आशीर्वाद द्यायची. दर वेळी तो देऊन झाल्यावर मग तिला रडू यायचं.

कौटुंबिक न्यायालय तेव्हा पुराणी हवेलीच्या आवारात होतं. त्याच आवारात निजामाचं संग्रहालय आहे, आणि त्यात सहावे निजाम महबूब अली खान यांचा तो प्रसिद्ध कपडेपटाचा दिवाणखाना: दोन मजली, दोन्ही बाजूंना सागवानी कपाटांच्या रांगा, इकडून तिकडे चालत गेलं तरी संपू नये इतका लांब. एकदा घातलेला पोशाख ते पुन्हा घालत नसत, असं सांगतात. तारीख लांबली की माझी बहीण तिकीट काढून तिथे जाऊन बसायची. पंखे होते, गर्दी नव्हती. मीही एकदा तिच्याबरोबर गेले. आम्ही त्या कपाटांमधून शांतपणे हिंडलो. बाहेर आवारात वकिलांची धावपळ, आंबट चेहऱ्याचे नातेवाईक, एका कोपऱ्यात एकमेकांशी न बोलता एकाच डब्यातून जेवणारं एक जोडपं. ते जोडपं मी विसरलेले नाही. डबा तिनं आणला असणार. भाजीचा वास मेथीचा होता.

परस्परसंमतीची वाट आपल्या कायद्यात फार उशिरा आली. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी 1931 साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला, मुंबई प्रांतात 1947 साली झाला, आणि देशभरासाठी हिंदू विवाह कायदा 1955 साली आला. पण त्यात एकानं दुसऱ्याचा अपराध सिद्ध करायचा होता. अपराध नसताना, दोघांनी मिळून, आम्हाला वेगळं व्हायचंय असं म्हणण्याची सोय 1976 च्या दुरुस्तीनं झाली. तीही अशी की अर्ज द्यायचा, किमान सहा महिने थांबायचं, आणि तरीही मन तेच असेल तर पुन्हा येऊन तेच सांगायचं. हे थांबणं योग्य प्रसंगी माफ करता येईल, असं सर्वोच्च न्यायालयानं 2017 साली सांगितलं. माझ्या बहिणीच्या वेळी ते नव्हतं. त्यांनी ते सहा महिने पुरते काढले.

त्या सहा महिन्यांत काय काय झालं असेल? गणपती बसले. मामाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि त्यांना दवाखान्यात न्यायला गाडी घेऊन जावईच आले, कारण गाडी त्यांच्याकडेच होती. धाकट्या चुलत भावाचं लग्न ठरलं आणि मुलीकडच्यांना हे कसं सांगायचं यावर घरात बैठक बसली. गॅस संपला. नातीच्या शाळेत पालकांची सभा होती, तिथे दोघं शेजारी बसून बाईंकडून पोरीच्या गणिताच्या तक्रारी ऐकून आले आणि परत येताना एकमेकांवर चिडायच्याऐवजी गणितावर चिडले. ज्या घरात घटस्फोट चालू असतो त्या घरात बाकीचंही सगळं चालूच असतं. ही गोष्ट आपल्या कथा-कादंबऱ्यांतून फार कमी येते.

आणि मग भांडी.

आपल्याकडे लग्नात भांडी देतात आणि त्यांवर नावं घालून देतात. कुणी कुणाला, कुठल्या निमित्तानं, तारीख. स्टीलच्या दुकानाबाहेर बसलेला माणूस मशीननं करकर आवाज करत ती अक्षरं उमटवतो, आणि पुढची पन्नास वर्षं ती घासून जात नाहीत. वेगळं व्हायचं ठरल्यावर वस्तू वाटून घ्यायची वेळ आली तेव्हा दोन्हीकडच्या बायकांनी ठरवलं की ज्यावर ज्यांच्याकडचं नाव, ते त्यांचं. सोपं वाटलं होतं. एका रविवारी सकाळी बहिणीच्या घरातल्या दिवाणखान्यात सतरंजी घातली आणि सगळी भांडी बाहेर काढली. परात, तपेली, पातेली, कळशी, डब्यांचे संच, तांब्या-भांडी, एक मोठं पिंप. माझी मावशी चष्मा कपाळावरून खाली घेऊन एकेक उचलायची, उजेडाला धरायची आणि मोठ्यानं वाचायची. समोर बहिणीच्या सासूबाई बसलेल्या, पदर खोचून.

पहिल्या अर्ध्या तासात दोन्ही पक्ष सावध होते. परात इकडे, तपेलं तिकडे. मग एक पातेलं निघालं, त्यावर जावयांच्या आजीचं नाव आणि खाली 'नातसुनेस'. आजी गेल्या होत्या. नियमाप्रमाणे ते सासरचं. सासूबाई म्हणाल्या, "ते तिलाच दिलंय. तिचंच आहे." मामी म्हणाली, "छे हो, तुमच्या घरची आठवण, तुम्ही ठेवा." "नाही, तुम्हीच न्या." "आमच्याकडे एवढं मोठं पातेलं लागतं कुठे?" तिथून पुढे सगळं उलटलं. जी भांडी मिळावीत म्हणून दोन घरांत महिनाभर फोन चालले होते, ती आता एकमेकींच्या ढिगात सरकवणं सुरू झालं. मावशी वाचत होती, दोघी नको-नको करत होत्या, आणि आतल्या खोलीत नवराबायको दाराशी उभे राहून हे पाहत होते. माझी बहीण आधी हसली. मग तो हसला. कित्येक महिन्यांत ते दोघं एका वेळी एका गोष्टीला हसले नव्हते. मामी आशेनं उठून उभी राहिली. तिला वाटलं, मिटलं.

मिटलं नव्हतं. पातेलं शेवटी मुलीच्या नावानं वेगळं ठेवलं गेलं.

दुपारी भांडी आणि गाद्या घेऊन जायला टेम्पो आला. ड्रायव्हर मल्लेपल्लीकडचा पोरगा होता. एवढी चकचकीत भांडी, घरात इतक्या बायका, पाहून त्यानं आनंदानं मामीला विचारलं, "शादी का सामान है क्या अम्मा?" मामीनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हौ बेटा." त्यानं मग भाड्यातले पन्नास रुपये कमी केले. मामीनं ते परत त्याच्या खिशात घातले, वर पोराला लाडू दिला.

हा प्रसंग मी कुणाला सांगितला की ऐकणारा आधी हसतो आणि मग गप्प होतो. दोन्ही एकाच प्रसंगाचे भाग आहेत. यातलं हसू काढून टाका, आणि मामी तुम्हाला दिसणारच नाही. तिचं दुःख त्या 'हौ'मध्ये आहे, आणि तो 'हौ' विनोदी आहे. म्हणूनच विनोदाची भीती न बाळगणारा सिनेमा मला या विषयाला योग्य वाटतो, आणि तो बहुधा थोड्या पैशांतच होऊ शकतो. मोठ्या पैशाच्या सिनेमाला चूक कुणाची ते लवकर ठरवावं लागतं. प्रेक्षकाला दोन तास कुणाच्या तरी बाजूनं बसवावं लागतं.

जगात हे करून दाखवणारे आहेत. नोआ बामबाख यांनी 2005 साली 'द स्क्विड अँड द व्हेल' केला, जवळपास दीड दशलक्ष डॉलरांत. अमेरिकेच्या मानानं ती चिल्लरच. 1986 मधलं ब्रुकलिन, आईबाप दोघंही लेखक, दोन मुलगे. बामबाख यांचं स्वतःचं बालपणच त्यामागे आहे. वार वाटून घेतले जातात, पुस्तकं कुणाची यावर घासाघीस होते, मांजराचं काय करायचं हाही प्रश्न येतो. मी तो पाहिला तेव्हा मला आमची सतरंजी आठवली. पुस्तकांच्या जागी आमच्याकडे पातेली होती, एवढाच फरक. तिथे मुलं केंद्रस्थानी आहेत, आणि आईबाप दोघंही चुकणारे, हट्टी, केविलवाणे, तरी आपल्याला त्यांचा राग धरवत नाही.

आपल्या मराठीतही या वाटेवर पावलं पडलेली आहेत. आचार्य अत्र्यांनी 1934 साली 'घराबाहेर' लिहिलं, आणि घर सोडणाऱ्या सुनेच्या त्या नाटकात त्यांनी हशा सोडला नाही. 1991 साली प्रशांत दळवी यांचं 'चारचौघी' आलं. दळवी औरंगाबादचे, म्हणजे आमच्या जुन्या राज्यातलेच. त्यातली थोरली विद्या नवऱ्याशी फोनवर बोलते, पलीकडचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, आणि एका संसाराचा निकाल आपल्यासमोर लागत जातो. वंदना गुप्ते यांनी तो प्रवेश गाजवला, 2022 साली नाटक पुन्हा उभं राहिलं तेव्हा मुक्ता बर्वे यांनी. 'बाईपण भारी देवा'मध्ये, 2023 साली, सहा बहिणींपैकी एकीच्या वाट्याला नवऱ्यानं मागितलेला घटस्फोट येतो, आणि थिएटरं बायकांनी भरून गेली. म्हणजे प्रेक्षक नाही असं म्हणायची सोय राहिलेली नाही.

'हैदराबाद ब्लूज 2'चे दोष मला दिसत नाहीत असं नाही. मेनकेवर जास्त भार टाकला आहे. घर आतून सैल होत होतं हे दिग्दर्शकानं इतकं नेमकं दाखवल्यावर बाहेरच्या बाईची इतकी गरज नव्हती. आणि कुटुंब कमी पडतं. वरुण-अश्विनीला मूल नाही, त्यामुळे मोडणं दोघांपुरतं राहतं. पहिल्या सिनेमात आईबाप, मावश्या, शेजारी यांनी पडदा भरला होता. ज्या माणसांनी लग्नासाठी एवढा गोंधळ घातला, ती माणसं लग्न मोडताना काय करत होती, हे मला पाहायचं होतं. तरीही त्या सिनेमाचं एक ऋण आहे. मी पाहिलेल्या सिनेमांत हैदराबादच्या मध्यमवर्गाला त्याच्याच बोलीत, आवाज न बदलता, तुमचा संसार कसा चाललाय हे विचारणारा तो पहिला. कुकुनूर पुढे 'इक्बाल'कडे गेले, 'डोर'कडे गेले. श्रेयस तळपदेचा 'इक्बाल' मराठी घरांत किती प्रेमानं पाहिला गेला ते सांगायला नको. पण वरुण-अश्विनीच्या त्या घरानंतर त्या गल्लीत कुणी फिरकलं नाही.

आवाज न बदलता, हे मी मुद्दाम म्हटलं. कारण आमच्या समाजात आवाज बदलतो. माझी बहीण वेगळी झाल्यानंतरच्या संक्रांतीला काचीगुड्यातल्या एका घरून हळदीकुंकवाचं बोलावणं आलं ते मामीला आलं, शेजारणीला आलं, तिला आलं नाही. त्या बाई दुष्ट नव्हत्या. त्यांना काय बोलावं ते सुचत नव्हतं, आणि न सुचलेल्या जागी त्यांनी रूढी ठेवली. मामी त्या दिवशी गेली नाही. पुढच्या वर्षी मामीनं स्वतःच्याच घरी हळदीकुंकू केलं, पहिलं कुंकू मुलीला लावलं आणि त्या बाईंनाही बोलावलं. त्या आल्या. वाणात मामीनं स्टीलच्या छोट्या वाट्या दिल्या होत्या. कुणाचंही नाव न घातलेल्या.

1931 साली याच शहरात मराठी साहित्य संमेलन भरलं होतं आणि अध्यक्ष होते ज्ञानकोशकार केतकर. त्याच सुमाराला त्यांची 'ब्राह्मणकन्या' आली होती. लग्न, जात, घर सोडून गेलेली बाई, यांच्याकडे समाजानं कसं पाहावं याचा त्यांनी न लाजता विचार केला. त्यांनी स्वतः एका जर्मन बाईशी लग्न करून तिला शीलवतीबाई म्हणून पुण्यात आणलं होतं. ज्या गावानं नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी अशा माणसाला अध्यक्षाच्या खुर्चीत बसवलं, त्या गावातल्या मराठी बायकांनी संक्रांतीच्या यादीतून एक नाव गाळावं याचं मला फार वाईट वाटतं. अजूनही वाटतं.

माझ्या भाचीचं आता सगळं नीट आहे. लहानपणी दर दुसऱ्या रविवारी मोअज्जम जाही मार्केटातल्या आइस्क्रीमच्या दुकानांपाशी तिला तिच्या बाबांच्या हवाली करायचे. सीताफळाच्या दिवसांत ती दोन्ही बाजूंकडून एकेक कप वसूल करायची आणि कुणालाही दुसऱ्याचं सांगायची नाही. दोघांनाही ते माहीत असायचं. तिच्या आईनं पुन्हा लग्न केलं नाही, वडिलांनी केलं, आणि त्या लग्नाला भाची मिरवत गेली. मामाच्या तेराव्याला ते दुसऱ्या बायकोसह आले होते, तेव्हा पंगतीत तूप वाढायला तेच होते. मामीनं त्यांच्या नव्या बायकोची ओटी भरली. हे सगळं जमलं, कारण त्या सहा महिन्यांत आमच्या घरानं कुणाला खलनायक केलं नाही. ते सोपं गेलं असं मी म्हणणार नाही. मामीची शांत झोप कायमची गेली.

मराठीत असा सिनेमा व्हायला हवा. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधला नव्हे, तो होतो. हैदराबादच्या मराठी घरातला, जिथे आई मराठीत रडते, तेलुगूत भाजी घेते आणि टेम्पोवाल्याला दख्खनीत उत्तर देते. नांदेड, लातूर, परभणीची कितीतरी मुलं आज इथे संगणकाची नोकरी करतात आणि त्यांतली काही रात्री जागून लघुपट करतात, हे मी ऐकून आहे. त्यांना माझं सांगणं आहे. 'हैदराबाद ब्लूज'चे दोन्ही भाग ओळीनं बघा, आधी पहिला, मग दुसरा, आणि दुसऱ्यात जे राहून गेलं तिथून सुरुवात करा. मोठ्या नटाची वाट पाहू नका. दिवाणखाना लागेल, सतरंजी लागेल, दोन विहिणी लागतील. काचीगुड्यातलं आमचं घर चित्रीकरणाला द्यायला मी तयार आहे, आणि मामी आता ऐंशीच्या पुढे असली तरी 'हौ बेटा' अजून स्वतः म्हणून दाखवेल.